मैदानावर जाणाऱ्या मुलांचे दात कसे सांभाळायचे: इंदूरच्या आईबाबांसाठी पायरीपायरीने

परीक्षा संपल्या रे संपल्या की इंदूरात समर कॅम्पचे फॉर्म निघतात, मग बूट घ्या, ट्रॅकसूट घ्या, बॅट घ्या, किटबॅग घ्या, दहा हजार कसे उडाले कळत पण नाही, आणि या सगळ्या यादीत दातांचं नाव कुठेच नसतं. माझी मोठी बास्केटबॉल खेळते आणि धाकटा लेदर बॉल क्रिकेटच्या मागे वेडा आहे, त्यामुळे डेंटिस्टच्या खुर्चीशेजारच्या त्या छोट्या स्टुलावर मी बरीच वर्षं काढली आहेत. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण कोणती गोष्ट कधी करायची हा क्रम कोणी नीट लावून सांगत नाही, एक सांगतो पेस्ट बदला, दुसरा सांगतो दुधाचे दात आहेत सोडा हो, आणि माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर चढवायचं मऊ कवच, हा शब्द तर दात तुटल्यावरच पहिल्यांदा कानावर पडतो. म्हणून हा क्रम.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. खेळणाऱ्या मुलांच्या दातांना दोन बाजूंनी मार असतो, एक कोपराचा नाहीतर बॉलचा, आणि दुसरा बाटलीतल्या गोड पाण्याचा. पहिला सगळ्यांना दिसतो, दुसरा दिसत नाही, आणि मी जेवढं बघितलंय त्यात खुर्चीवर जास्त करून दुसराच नेऊन बसवतो.

१. आधी घरीच तोंडात बघा

मोबाइलचा टॉर्च, दिवसाचा उजेड आणि दोन मिनिटं, एवढंच लागतं. मुलाला मांडीवर आडवं करा किंवा सोफ्यावर डोकं मागे टेकवायला लावा, वरचा ओठ बोटाने उचला आणि हिरडीलगतची कड बघा. तिथे खडूसारखी पांढरी, बिनचमकेची रेघ दिसली तर ती किडीची पहिली खूण असते, काळा खड्डा पडायच्या कितीतरी आधीची, आणि या टप्प्यावर फ्लोराइड आणि नीट ब्रशिंगने गोष्ट थांबू शकते, ड्रिल लागतच नाही. काळं दिसेपर्यंत थांबलात की मग फिलिंग आलंच.

दुसरं बघायचं ते सर्वात मागे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन दाढ येते, चारही कोपऱ्यांत एक एक. ही येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ता लागत नाही आणि सगळे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची आहे. साठीला पण हीच दाढ चावायला लागणार आहे. वरून ती खोल खाचांची असते, ब्रशचे केस आत पोचत नाहीत, आणि मागे असल्यामुळे मुलं तिथपर्यंत ब्रश नेत पण नाहीत. पहिलीदुसरीतल्या मुलांच्या आईबाबांनी आज रात्रीच टॉर्च मारून बघा आली आहे का.

आणि ते "दुधाचे आहेत, पडणारच आहेत" प्रकरण. मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या किडून लवकर काढाव्या लागल्या तर बाजूचे दात सरकून जागा खातात आणि खालून येणारा कायमचा दात वाकडा येतो, मग ब्रेसेस, मग तो खर्च. शिवाय किडलेल्या दाढेचं दुखणं रात्री दोन वाजता सुरू होतं, मॅचच्या आदल्या रात्री तर नक्कीच.

२. डेंटिस्टकडे सीझनच्या आधी जा

पहिला दात आला की पहिल्या वाढदिवसाच्या आत एकदा दाखवायचं असतं. हे सांगितलं की आमच्याकडे सगळे हसतात, पण तसंच आहे. नंतर दर सहा महिन्यांनी. खेळणाऱ्या मुलांचं मी मार्चमध्ये उरकते, म्हणजे कॅम्प सुरू व्हायच्या आत फिलिंग वगैरे होऊन जातं आणि माउथगार्डचं माप पण त्याच वेळी देता येतं.

मुलांच्या दातांचे वेगळे डॉक्टर असतात, पीडोडॉन्टिस्ट म्हणतात त्यांना, आणि लहान मूल घाबरट असेल तर तिकडेच जा, फरक पडतो. खर्चाची चिंता असेल तर एम.वाय. हॉस्पिटलजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, १९६१ सालापासूनचं. तिथे सकाळी लवकर जा, पर्ची काढा, आणि अर्धा दिवस जाणार हे धरूनच चला, बसची घाई ठेवू नका. सरकारी शाळेत किंवा अंगणवाडीत मूल असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दात पण बघतात, त्याची चिठ्ठी मिळाली की ती फेकू नका.

सोबत न्यायचं:
- मुलाचं आधार आणि समग्र आयडीची (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) झेरॉक्स, सरकारी ठिकाणी विचारतात
- जुने दातांचे एक्सरे आणि पर्च्या, नसतील तर मोबाइलमधले फोटो
- चालू औषधांची नावं. दम्याचा पंप, गोड सिरप, आयर्नचं टॉनिक, सगळं सांगा, दातांशी संबंध असतो
- टिटॅनसचं शेवटचं इंजेक्शन कधी झालं ते लसीकरणाच्या कार्डावर बघून
- कोणता खेळ, आठवड्यातून किती दिवस, हे पण सांगा कारण बरेच डॉक्टर आपणहून विचारत नाहीत

तिथे दोन गोष्टी नावाने विचारा. एक, फ्लोराइड वार्निश, दातांवर ब्रशने लावतात, दोन मिनिटांचं काम, मुलाच्या रिस्कप्रमाणे वर्षातून दोनदा किंवा जास्त. दुसरं, त्या सहाव्या वर्षाच्या दाढेला सीलंट. खाचांमध्ये पातळ थर ओतून लाइटने घट्ट करतात, इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. दाढ पूर्ण वर आली की लगेच करून टाका, कारण एकदा खाचेत कीड बसली की सीलंटचा टाइम गेला.

३. ब्रश आणि पेस्ट

कार्टूनवाली पेस्ट घेताना मागचं बारीक छापलेलं वाचा. मुलांच्या कितीतरी पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच किंवा फार कमी असतं. १००० पीपीएमच्या आसपास हवं. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा मटारच्या दाण्याएवढी, जाहिरातीत दाखवतात तशी अख्ख्या ब्रशवर लाटेसारखी नाही. थुंकायचं, पण नंतर खळखळून चुळा भरायच्या नाहीत, थोडी पेस्ट दातांवर राहिली तरच तिचा उपयोग. हे आमच्या सासूबाईंना पटवायला जे कष्ट पडले ते विचारू नका.

दिवसातून दोनदा, दोन दोन मिनिटं, आणि रात्रीचं जास्त महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दात धुवायला कोणी नसतं. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश तुम्हीच करून द्या किंवा निदान शेवटचा हात तुम्ही फिरवा. मुलाला स्वतःच्या बुटाची लेस नीट बांधता येत नसेल तर मागच्या दाढा पण नीट घासता येत नाहीत, एवढा साधा हिशोब. लाल मंजन, कोळसा, मीठ हे मुलांच्या दातांवर रोज घासू नका, खरखरीत असतं, वरचा थर झिजवतं.

आता पाण्याचं. इंदूरच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं, जलूदहून, त्याची फार काळजी नाही. पण धार, झाबुआ, अलीराजपूरकडे बोअरच्या पाण्यात काही गावांत फ्लोराइड जास्त आहे, पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते चालत नाही, आणि दात आत तयार होत असताना म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत तेच पाणी प्यायलं तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. तुमचं आजोळ तिकडे असेल, मुलं वर्षातले काही महिने तिकडेच राहत असतील, किंवा इथेच नव्या कॉलनीत बोअरवर भागवत असाल, तर पाणी तपासून घ्या आणि पेस्ट किती द्यायची ते डेंटिस्टला विचारूनच ठरवा. सरसकट फ्लोराइड वाईट म्हणून बिनफ्लोराइडची पेस्ट आणायची हा उलटा उपाय, तसं करू नका.

४. खाणं: काय खाल्लं त्यापेक्षा किती वेळा खाल्लं

इंदूरात राहून मुलांना गोड देऊ नका असं सांगणारी मी कोण. रविवारी पोहे-जलेबी होणारच, पाहुणे आले की सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेणारच. गंमत अशी आहे की एका बैठकीत चार जलेब्या खाल्ल्या तर दातांना त्रास एकदाच होतो, पण तेवढीच साखर दिवसभर थोडी थोडी तोंडात गेली तर दर वेळी तोंडातले जंतू ॲसिड करतात, ते अर्धा तास तरी दातावर बसतं, आणि लाळ त्याला निपटवते न निपटवते तोच पुढचा बिस्किट येतो. म्हणून गोड असेल ते जेवणासोबत द्या आणि मग तोंड बंद.

सगळे चॉकलेटला शिव्या देतात पण क्रीमची बिस्किटं, चिप्स, चिकट टॉफ्या, ब्रेड आणि मैद्याचं काहीही दाढेच्या खाचेत जाऊन बसतं आणि तासभर तिथून हलत नाही. प्रॅक्टिसच्या आधीच्या डब्यात शेंगदाणे, चणे, पनीर, उकडलेलं अंडं, केळं, घरची पोळी-भाजी द्या. केळं पण चिकटतं, वरून पाण्याची चूळ भरायला सांगा.

तान्ह्या मुलांना दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, साखर घातलेली तर मुळीच नाही. वरचे पुढचे चारही दात हिरडीपासून किडलेली दीड-दोन वर्षांची मुलं मी वेटिंग रूममध्ये बघितली आहेत, आणि त्यातली बरीचशी अशी बाटलीचीच होती.

५. किटबॅगमधली बाटली

या पायरीवर जरा थांबा. पळताना मूल तोंडाने श्वास घेतं, तोंड कोरडं पडतं, म्हणजे दात वाचवणारी लाळच कमी. आणि नेमकं त्याच वेळी आपण त्याला ग्लुकोजचं पाणी किंवा ती रंगीत स्पोर्ट्स ड्रिंक देतो, आणि ते पण एका घोटात नाही, दोन तास थोडं थोडं. साखर आहे, बऱ्याच ड्रिंकमध्ये ॲसिड पण आहे, आणि तोंडातलं पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं ॲसिड जास्त) साधारण साडेपाचच्या खाली गेलं की दाताचा वरचा थर विरघळायला लागतो. लिंबूपाणी घरचं असलं तरी ॲसिड ते ॲसिडच, साखर कमी एवढंच.

तासाभराच्या प्रॅक्टिसला साधं पाणी पुरतं. मेमधल्या उन्हात दोन-अडीच तास टूर्नामेंट असेल आणि सरांनी ओआरएस सांगितलं असेल तर द्या, जीव आधी, दात नंतर. पण ते ब्रेकमध्ये एकदम प्यायला लावा आणि वर साध्या पाण्याची चूळ. मी दोन बाटल्या देते, मोठी पाण्याची, छोटी दुसरी, छोटीवर लाल टेप. मुलं मोठी बाटली मैदानाच्या कडेला ठेवतात, छोटी बॅगेतच राहते, आणि आपोआप ब्रेकलाच निघते.

प्रॅक्टिसहून आल्या आल्या लगेच ब्रश नको. ॲसिडचं काही प्यायलं असेल तर दात त्या वेळी मऊ असतात, अर्धा तास जाऊ द्या. स्विमिंगवाल्यांसाठी एवढंच की पूलचं पीएच नीट ठेवलेलं नसेल तर रोज पोहणाऱ्या मुलांचे दात झिजू शकतात, नीट ठेवलेल्या पूलमध्ये सुद्धा पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग बसतात. डाग क्लीनिंगने जातात, झीज भरून येत नाही. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये हवं, पूलवाल्याला विचारायला लाजू नका.

६. माउथगार्ड: कोणता आणि कसा

बॉक्सिंगमध्ये तो सगळ्यांना माहीत आहे. पण हॉकी, बास्केटबॉल, कबड्डी, कुस्ती, कराटे, फुटबॉल, स्केटिंग, जिथे अंगाला अंग लागतं किंवा तोंडावर पडायची भीती असते तिथे सगळीकडे तो हवा. न्यूझीलंडने १९९८ मध्ये रग्बीत तो सक्तीचा केला तेव्हा दातांच्या इजांचे विम्याचे क्लेम पुढच्या वर्षांत ४० टक्क्यांहून जास्त कमी झाले. इथे कोणी सक्ती करत नाही, आपणच करायची. आणि लेदर बॉल क्रिकेटला आधी ग्रिलवालं हेल्मेट, विकेटकीपरला पण, त्याला पर्याय नाही.

तीन प्रकार मिळतात. तयार, एकाच मापाचा, स्वस्त. तो घेऊ नका, दात आवळून धरावा लागतो आणि मूल पाच मिनिटांत खिशात टाकतं. दुसरा गरम पाण्यात मऊ करून चावायचा, काहीशे रुपयांत मिळतो, सुरुवातीला ठीक. तिसरा डेंटिस्टने माप घेऊन बनवलेला, महाग पडतो पण बसतो उत्तम, मूल त्यात बोलू शकतं, श्वास घेऊ शकतं, म्हणून ते तो खरंच घालतं.

दुसरा घरी बसवायचा असेल तर: पाकिटावरची वेळ घड्याळाने पाळा, जास्त उकळला की गोळा होतो. बाहेर काढून क्षणभर थंड पाण्यात, मग वरच्या दातांवर चढवा, मुलाला हलकं चावायला सांगा, बाहेरून ओठांवर आणि गालांवर बोटांनी दाबा आणि त्याला जिभेने आतून टाळूकडे दाबत हवा ओढायला सांगा. मग थंड पाण्यात टाका. टेस्ट सोपी आहे, तोंड उघडल्यावर गार्ड वरच चिकटून राहिला पाहिजे. पडला तर परत करा. मागून ओकारी येत असेल तर मागची कड कात्रीने थोडी कापता येते, थोडीच.

डेंटिस्टकडे माप देताना तोंडात गार, घट्ट पिठासारखं काहीतरी भरलेला ट्रे घालतात आणि तो घट्ट होईपर्यंत मुलं घाबरतात. आमच्या डॉक्टरांनी मोठीला सांगितलं, नाकाने श्वास घे आणि पायाची बोटं एक एक करून हलव. ती बोटं मोजत बसली आणि ट्रे निघाला पण.

गोंधळ होतो तो इथे:
- ब्रेसेस असतील तर घरी उकळून बसवू नका, तारांत अडकतो. डेंटिस्टकडूनच.
- सहा ते तेरा वर्षांत दात पडत-येत असतात, गार्ड सहा महिन्यांत घट्ट होऊ शकतो. वर्षभर चालेल असं धरू नका.
- गरम पाण्याने धुवायचा नाही, कारच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही. मेमध्ये बंद कारमध्ये त्याचा आकारच जातो.
- भोकं असलेल्या डबीत ठेवा, रुमालात गुंडाळून नाही. कुत्र्यांना पण तो फार आवडतो, हे जाता जाता.
- मूल तो चघळत असेल तर पातळ होतो. बोटाने दाबून बघत जा.

७. मैदानावरची छोटी डबी

किटबॅगच्या बाहेरच्या खिशात: स्वच्छ रुमाल, गॉझ, सलाइनची छोटी बाटली, झाकणाची डबी, आणि डेंटिस्टचा नंबर कागदावर लिहून, कारण मुलाकडे मोबाइल नसतो. सरांना पण तो नंबर देऊन ठेवा आणि पुढची पायरी त्यांना एकदा वाचून दाखवा, चांगले कोच असतात पण दाताचं त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

८. दात तुटला किंवा अख्खा निघाला

आधी डोकं. मूल बेशुद्ध झालं, उलटी झाली, बडबडायला लागलं, जबडा मिटत नाही, असं काहीही असेल तर दात बाजूला ठेवा आणि सरळ मोठ्या हॉस्पिटलला. ते सगळं ठीक असेल तर:

रक्त थांबवायला स्वच्छ रुमाल दाबून चावायला द्या आणि ओठावर बाहेरून थंड शेक द्या. दात शोधा. सापडला नाही तर तो गिळला, श्वासात गेला किंवा ओठात घुसला असू शकतो, डॉक्टरांना हे सांगा, ते एक्सरे काढतील.

दुधाचा दात निघाला असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. पण दाखवायला न्या. साधारण सात-आठ वर्षांनंतरचा पुढचा दात बहुतेक कायमचा असतो. तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती असेल तर दुधाने, सलाइनने किंवा मुलाच्याच लाळेने हलकं धुवा. घासू नका, पुसू नका, साबण तर नाहीच. आणि जमलं तर तिथल्या तिथे जागेवर, चपटी बाजू पुढे करून, हळू दाबून बसवा आणि रुमाल चावायला द्या. हात थरथरतील, पण जागेवर बसवलेला दातच सगळ्यात जास्त वाचतो.

जमत नसेल किंवा दुधाचा की कायमचा कळत नसेल तर डबीत थंड दूध घालून त्यात दात टाका आणि निघा. जवळच्या डेअरीवर किंवा चहावाल्याकडे सांची दुधाची थैली मिळतेच, साधं दूध घ्या, उकळतं नको, साखरेचं नको. टिश्यूत गुंडाळून नेला तर मुळावरच्या पेशी सुकतात, तासाभरात त्यांचं काम संपतं. साध्या पाण्यात पण टाकू नका, पर्यायच नसेल तरच. आणि उशीर झाला असला तरी दात घेऊनच जा, डॉक्टरांना ठरवू दे.

फक्त तुकडा उडाला असेल तर तो पण दुधात किंवा पाण्यात न्या, बऱ्याचदा परत चिकटवता येतो. दात हलतोय किंवा आत दबला गेलाय, तरी त्याच दिवशी दाखवा. टिटॅनसचं विचारा.

९. नंतरचे महिने

परत बसवलेल्या दाताला शेजारच्या दातांशी पातळ तारेने बांधतात, साधारण दोन आठवडे. मूळ पूर्ण झालेलं असेल तर रूट कॅनाल दोन आठवड्यांच्या आत सुरू करतात, लहान मुलात मूळ अजून उघडं असेल तर कधी कधी आतली नस पुन्हा जिवंत होते म्हणून डॉक्टर वाट बघतात. दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष, अशा एक्सरेच्या भेटी असतात आणि लोक पहिल्या दोननंतर जाणं सोडतात कारण दुखत नसतं. मार लागलेला दात काही महिन्यांनी काळपट पडला किंवा हिरडीवर फोड आला तर दुखत नसला तरी लगेच न्या. मऊ खाणं, मऊ ब्रश, आणि डॉक्टरांनी दिलेला माउथवॉश. बिलं आणि एक्सरे जपून ठेवा, मेडिक्लेममध्ये दातांचा साधा खर्च सहसा धरत नाहीत पण अपघाताचं कलम असेल तर विचारता येतं, शाळेचा अपघात विमा असेल तर तो पण बघा.

खेळायला कधी सोडायचं ते डॉक्टरांना विचारूनच, सरांना नाही, सरांना शनिवारची मॅच असते. आणि मैदानावर परत जायच्या आधी माउथगार्डचं माप नव्याने द्या, दात जरा जरी हलला असेल तरी जुना आता बसत नाही.